बोबिओचा मठ आणि खरवडलेली पाने



आजच्या विषयाचे नाव वाचून ‘हे बोबिओ कोठले?’ असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. त्यात श्रोत्यांचा दोष नाही. इटली म्हटले की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावे आपल्यापुढे उभी राहतात. बोबिओ हे त्या पंक्तीत बसणारे गाव नव्हे. पिअचेन्झा शहराकडून जेनोवाच्या समुद्राकडे डोंगरातून जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर ट्रेबिया नदीच्या काठी हे गाव आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. नदीवर जुना दगडी पूल आहे. त्याला अकरा कमानी आहेत आणि त्यांतली एक दुसरीसारखी नाही. कोणी उंच, कोणी ठेंगणी. त्यामुळे पूल उंटासारखा वरखाली होत जातो आणि लोक त्याला ‘कुबडा पूल’ म्हणतात. सैतानाने तो एका रात्रीत बांधला, मोबदल्यात पुलावरून पहिल्याने जाईल त्याचा आत्मा मागितला आणि संताने एक कुत्रे पुढे सोडून त्याला फसविले, अशी कथा गावात सांगतात. सैतानाला फसविणारा हा संत कोण होता आणि त्याने उभारलेल्या मठाने पुढे कोणाकोणाला काय दिले, एवढेच आज आम्ही सांगणार आहो.

त्या संताचे नाव कोलंबान. जन्माने तो आयर्लंडचा. सहाव्या शतकात रोमचे साम्राज्य पश्चिमेत मोडले होते आणि ज्या बेटावर रोमन सैन्याने कधी राज्य केले नाही, त्या आयर्लंडात लॅटिन विद्येचा अभ्यास मन लावून चालला होता. इतिहासात अशा विपरीत गोष्टी पुष्कळ घडतात. बँगरच्या मठात शिकलेला कोलंबान इ. स. ५९० च्या सुमारास बारा सोबती घेऊन समुद्र ओलांडून आजच्या फ्रान्समध्ये आला. लुक्सय येथे त्याने मोठा मठ स्थापिला. माणूस तपस्वी, पण स्वभावाने जमदग्नी. त्याच्या मठाच्या नियमांत, स्तोत्र सुरू करताना खोकला आला तरी सहा फटके सांगितले आहेत! राजा थिओडेरिक याच्या अनौरस मुलांना आशीर्वाद द्यायला त्याने साफ नकार दिला; तेव्हा राजा आणि राजाची आजी ब्रुनहिल्ड यांनी ६१० साली त्याला देशाबाहेर घालविले.

तेथून भटकत तो आल्प्सच्या पायथ्याशी आला. त्याचा एक जुना शिष्य गाल तापाने आजारी पडला आणि पुढे चालवत नाही म्हणाला. कोलंबानला वाटले, हा कष्टाला भ्यायला. ‘मी जिवंत आहे तोवर तू पूजा करायची नाहीस,’ असे बजावून तो पुढे निघाला. गालने ती आज्ञा पाळली. कोलंबानने मरताना आपली काठी गालकडे धाडली, तेव्हा त्याची सुटका झाली, असे गालच्या चरित्रात सांगितले आहे. ज्या ठिकाणी गाल राहिला, तेथे पुढे सेंट गालेनचा विख्यात मठ झाला. एका भांडणातून दोन ग्रंथालये जन्मली म्हणावयाची!

इटलीत त्या वेळी लाँबार्डांचे राज्य होते. राजा आगिलुल्फ, राणी थिओडेलिंडा. लाँबार्डांपैकी पुष्कळ जण एरियन पंथाचे, म्हणजे रोमच्या दृष्टीने पाखंडी. राणी मात्र रोमच्या मताची. राजाने या परदेशी साधूला सन्मानाने ठेवून घेतले. इतकेच नव्हे, तर धर्मसभेचे जे जुने भांडण धुमसत होते त्याविषयी पोपला पत्र लिहायला सांगितले. पाखंडी राजाच्या सांगण्यावरून एका आयरिश साधूने पोपला पत्र लिहावे, हीच मोठी गंमत. आणि पत्रही कसे, तर एका आधीच्या पोपचे नाव विजिलियस, म्हणजे ‘जागणारा’, असे होते, त्यावर कोटी करून हा जागणारा नीट जागला नाही, तुम्ही तरी जागे राहा, असे सुनावणारे. आपले नाव ‘कोलंबा’ म्हणजे कबुतर या शब्दावरून आले, याचाही त्याला मोठा अभिमान होता. कबुतर चोच चांगली मारी.

योकुंदुस नावाच्या एका माणसाने राजाला सांगितले की ॲपेनाइन डोंगरात सेंट पीटरचे एक पडके देऊळ आहे, जमीन सुपीक आहे, पाणी भरपूर आहे. इ. स. ६१४ साली ती जागा कोलंबानला मिळाली. त्या वेळी तो सत्तरीच्या घरात होता. त्याचा चरित्रकार योनास लिहितो की, झाडे तोडून तुळया खाली आणायच्या होत्या. तीस-चाळीस माणसांना न पेलणारी तुळई हा म्हातारा दोघातिघांबरोबर खांद्यावर घेऊन उतरला. चरित्रकारांची तुळई नेहमीच जड असते. पण सत्तरीचा माणूस स्वतः लाकडे वाहत होता, एवढे त्यातून खरे समजावे. २३ नोव्हेंबर ६१५ रोजी तो वारला. बोबिओत तो एक वर्षच राहिला.

हा योनास ६१८ साली मठात आला, म्हणजे कोलंबानला त्याने पाहिले नव्हते. पण कोलंबानला ओळखणारी माणसे त्याच्या अवतीभवती होती, आणि त्यांच्याकडून ऐकून त्याने चरित्र लिहिले. त्याला इतिहासाचीही दृष्टी होती; ट्रेबिया नदीचे नाव आले की हानिबालचे हत्ती, घोडे आणि माणसे येथे कशी गेली, हे सांगितल्याशिवाय तो पुढे जात नाही. ती लढाई इ. स. पूर्वी २१८ मधली. तिला आठ शतके लोटली होती.

आता पुढची गोष्ट नीट ऐकावी, कारण मठाचे सारे नशीब तिच्यात आहे. कोलंबान गेल्यावर जवळच्या टोर्टोना शहराचा बिशप प्रोबुस म्हणू लागला, हा मठ माझ्या हद्दीत, तेव्हा तो माझ्या ताब्यात. बिशपच्या ताब्यात मठ गेला म्हणजे धान्य गेले, कुळे गेली आणि मठाधिपती नेमण्याचा हक्कही गेला. मठाधिपती बर्टुल्फ राजाकडे धावला. राजा आरिओआल्ड हा एरियन. तो म्हणाला, पुरोहितांच्या तंट्यात मी पडत नाही; पण रोमला जायचा खर्च हवा तर देतो. मग बर्टुल्फ योनासला बरोबर घेऊन रोमला गेला आणि ६२८ साली पोप होनोरियसकडून त्याने सनद आणली की बोबिओचा मठ कोणाही बिशपच्या अधिकाराखाली नाही, थेट रोमच्या आश्रयाखाली आहे. अशा तऱ्हेची पोपने मठाला दिलेली ही पहिली ज्ञात सनद मानतात. एका परधर्मी राजाने वाटखर्चाला पैसे दिले, म्हणून ती मिळाली. पुढे शेकडो मठांनी अशा सनदा मिळविल्या आणि बिशपांशी शतकानुशतके तंटे केले. त्या साऱ्याचे मूळ या प्रवासात आहे.

सनद मिळाली, तशा जमिनी वाढल्या. नवव्या शतकातल्या, ८६२ आणि ८८३ सालच्या, मठाच्या मिळकतीच्या याद्या उपलब्ध आहेत. गार्डा सरोवराकाठच्या जमिनीतून ऑलिव्हचे तेल येई. डोंगरातल्या कुळांकडून धान्य, द्राक्षासव आणि वेठीचे दिवस येत. ग्रंथालयाच्या गोष्टी सांगताना विद्वान लोक हा हिशोब सांगायचा विसरतात. पोथी लिहायला चर्मपत्र लागते, चर्मपत्राला मेंढ्या आणि वासरे लागतात, त्यांना कुरण लागते. मोठ्या पोथीला एक कळप लागे म्हटले तरी चालेल. लिहिणारा साधू दिवसभर नांगर धरीत नाही, तेव्हा त्याच्या वाटचा नांगर दुसऱ्या कोणी तरी धरायला हवा. बोबिओचे पुस्तक उघडले की प्रत्येक पानामागे कोणा तरी कुळाची वेठ आहे. त्यांची नावे फारशी कोठे सापडत नाहीत.

या कुळांच्या, कारागिरांच्या आणि वाटसरूंच्या वस्तीतून हळूहळू गाव झाले. मठ आधी, गाव नंतर. आपल्याकडे देवस्थानाभोवती पेठ वसते, तसाच हा प्रकार.

ग्रंथालयाकडे वळू. नवव्या-दहाव्या शतकातली बोबिओच्या पुस्तकांची एक यादी पुढे मुराटोरी या इतिहासकाराने छापली. तीत सुमारे ७०० पुस्तके आहेत. आज हा आकडा लहान वाटेल. त्या काळच्या युरोपात मात्र तो प्रचंड होता. डुंगल नावाच्या आयरिश पंडिताने दिलेली पुस्तके यादीत वेगळी नोंदली आहेत. स्तोत्रे, भाष्ये आणि धर्मसभांचे वृत्तांत तर आहेतच, पण व्याकरण, काव्य आणि गणितही आहे.

या पुस्तकांच्या ओढीने एक विलक्षण माणूस येथे आला. त्याचे नाव गर्बर्ट. फ्रान्समधल्या ओरियाक गावचा. तरुणपणी तो स्पेनच्या सीमेवर कातालोनियात शिकायला गेला. तेथे अरबांच्या विद्येचे वारे पोचत होते. परत आल्यावर त्याने राँस येथे शिकविण्यासाठी एक गणनाफळी करविली. तिच्यावर सत्तावीस स्तंभ होते आणि शिंगाच्या हजार सोंगट्या. त्या सोंगट्यांवर नऊ चिन्हे काढलेली होती. श्रोतेहो, ती नऊ चिन्हे म्हणजे भारतात जन्मून अरबांच्या हातून पश्चिमेला गेलेले अंक. शून्य मात्र त्यांबरोबर आले नव्हते. रिकामा स्तंभ हेच शून्य. आपल्या अंकांना लॅटिन युरोपातले आरंभीचे शिक्षक मिळाले, त्यांत हा गर्बर्ट अग्रेसर. आपल्या शाळांतून हे नाव शिकवावयास हरकत नसावी.

सम्राट दुसऱ्या ओटोने त्याला ९८२-८३ च्या सुमारास बोबिओचा मठाधिपती नेमले. ग्रंथालय पाहून तो हरखला. खगोलावरची, भूमापनावरची पुस्तके त्याला येथे सापडली. कोठारे पाहून मात्र त्याने कपाळाला हात लावला. आधीच्या कारभारात मठाच्या जमिनी नाममात्र खंडावर बड्या घराण्यांना लिहून दिल्या होत्या. साधू उपाशी, तिजोरी रिकामी, आणि वर आणखी जमिनी द्याव्यात म्हणून खुद्द राजमातेची शिफारस! सगळे देऊन टाकल्यावर आमच्यापाशी राहील काय, अशा आशयाचे उत्तर त्याने तिला धाडले. ९८३ च्या डिसेंबरात सम्राट वारला आणि गर्बर्टला बोबिओ सोडून फ्रान्सला परतावे लागले. पण पुस्तकांची ओढ सुटली नाही. पुढे काही वर्षांनी रेनार्ड नावाच्या बोबिओच्या एका साधूला पत्र लिहून त्याने ज्योतिष, वक्तृत्व आणि नेत्रवैद्यक यांवरील ग्रंथांच्या नकला करून मागितल्या. खर्च देतो, कोणाला कळू देऊ नकोस, मीही बोलणार नाही, असेही लिहिले. ९९९ साली हाच गर्बर्ट दुसरा सिल्व्हेस्टर या नावाने पोप झाला.

१०१४ साली सम्राट दुसऱ्या हेन्रीच्या पुढाकाराने बोबिओत स्वतंत्र बिशपपीठ झाले. ज्या मठाने टोर्टोनाच्या बिशपपासून सुटका करून घेतली होती, त्याच्या दारातच आता बिशप येऊन बसला. मग जमीन कोणाची, दशांश कोणाचा, वरचढ कोण, हे तंटे सुरू झाले ते बाराव्या-तेराव्या शतकांत पोपच्या दरबारापर्यंत गेले. तेराव्या शतकात पिअचेन्झाच्या नगरसत्तेने गाव आपल्याकडे ओढले. पुढे मिलानचे व्हिस्कोंती आले, मग दाल व्हेर्मे घराणे. या सत्तांतरांचा तपशील आम्ही गाळतो. गावकऱ्यांना कर भरावा लागला, एवढा त्याचा सारांश. मठाला उतरती कळा लागली. १४६१ साली नवीन यादी झाली, तीत अवघी २४३ पुस्तके भरली.

पण बोबिओच्या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक भाग याद्यांत नाहीच. तो पुस्तकांच्या अक्षरांखाली होता.

चर्मपत्र महाग. तेव्हा जुने, निरुपयोगी पुस्तक घ्यायचे, शाई धुऊन खरवडून काढायची आणि त्याच पानांवर नवे लिहायचे, अशी रीत होती. अशा पोथीला युरोपात पालिंप्सेस्ट म्हणतात. बोबिओच्या साधूंनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. सातव्या शतकात त्यांच्यापुढे एक जुने पुस्तक होते. पाने मोठी, दर पानाला दोन स्तंभ, स्तंभात पंधराच ओळी, अक्षर टपोरे. म्हणजे खरवडायला सोपे आणि वर लिहायला जागा भरपूर! त्यांनी ते पुसले आणि त्यावर स्तोत्रांवरील संत ऑगस्टिनचे भाष्य लिहिले. पुसलेले पुस्तक होते सिसेरोचा ‘दे रे पुब्लिका’, म्हणजे राज्य कशाला म्हणावे, न्यायाविना राज्य टिकते काय, याची चर्चा करणारा ग्रंथ. पुढे सबंध युरोपातून तो नाहीसा झाला. त्याच्या शेवटी असलेले ‘स्किपिओचे स्वप्न’ हे प्रकरण एका टीकाकारामुळे वेगळे वाचले. काही उतारे इतरांच्या ग्रंथांत राहिले. बाकी नुसते नाव.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आंजेलो माइ नावाचा एक ग्रंथपाल मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातली बोबिओची पुस्तके चाळीत होता. कार्डिनल फेडेरिको बोरोमेओने १६०६ साली ती मठातून तेथे आणली होती. माइला वरच्या ओळींमधून जुन्या अक्षरांच्या फिकट रेघा दिसल्या. सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा गुरू फ्रोंटो यांची पत्रे निघाली. १८१७ साली गॉथिक भाषेतले बायबलचे भाग निघाले. जर्मानिक कुळातल्या भाषांचे आपल्या संस्कृताशी नाते आहे. ‘भ्राता’ला ‘ब्रोथार’ आणि ‘दुहिता’ला ‘दौह्तार’ म्हणणाऱ्या त्या गॉथिकचे जे थोडके साहित्य जगात उरले, त्यातला मोठा भाग याच खरवडलेल्या पानांत होता. लाँबार्ड एरियन पंथ सोडून रोमच्या मताचे झाले, तेव्हा गॉथिक बायबल वाचणारा कोणी राहिला नाही आणि त्याचे कातडे तेवढे कामाचे ठरले.

मग माइची नेमणूक रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात झाली. पोप पाचव्या पॉलने १६१८ साली बोबिओची काही पुस्तके तेथे नेली होती. माइला त्यांत फ्रोंटोच्याच पत्रांची आणखी पाने सापडली. एकच पुस्तक, दोन तुकडे होऊन एक मिलानला आणि एक रोमला पडले होते. दोनशे वर्षे कोणाला पत्ता नव्हता. आणि १८१९ साली ऑगस्टिनच्या खाली सिसेरो दिसला. १८२२ मध्ये ते पुस्तक छापले गेले. सारे नाही, १५१ पाने. पहिले दोन भाग बरेचसे, तिसरा अर्धामुर्धा, पुढचे जवळजवळ काहीच नाही. माइने अक्षरे वर आणण्यासाठी मायफळाचा अर्क वापरीत असे. त्या वेळी अक्षरे दिसली खरी. पण अशा अर्काने पुढे पाने काळवंडतात. एका हाताने वाचविणे आणि दुसऱ्याने बिघडविणे, हा त्याच्याही वाट्याला आलेला भोग.

आता लोक विचारतात, हे साधू विद्येचे रक्षक की भक्षक? आमचे स्पष्ट मत असे की हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. सिसेरो पुसणाऱ्या साधूला आपण काही मोठे पाप करतो आहो असे वाटले नसेल आणि रक्षण करतो आहो असे तर मुळीच वाटले नसेल. त्याला भाष्य लिहायला कातडे हवे होते. परंतु ज्या शेकडो गावांत सिसेरोच्या प्रती कोणी पुसल्या नाहीत, त्या गावांत एकही प्रत राहिली नाही. त्या कुजल्या, जळल्या, उंदरांनी खाल्ल्या. बोबिओची राहिली, कारण वर ऑगस्टिन होता आणि ऑगस्टिनला कोणी फेकून देत नव्हते. ज्याने पुसले, त्यानेच पांघरूण घातले. रक्षणाचे श्रेय द्यायचेच असेल तर ते एका माणसाच्या रसिकतेला देता येत नाही. हजार वर्षे एका जागी कपाट उभे राहिले, त्या कपाटाला द्यावे लागते. आणि ते उभे राहिले ६२८ च्या सनदेमुळे, गार्डाच्या तेलामुळे, डोंगरातल्या कुळांच्या वेठीमुळे.

कपाट हलले की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच राजवटीत १८०३ साली मठ बंद झाला आणि उरलीसुरली मिळकत विकली गेली. बोबिओच्या पुस्तकांपैकी काही ट्यूरिनच्या ग्रंथालयात पोचली होती. ट्यूरिन राजधानीचे शहर. मोठी इमारत, पगारी ग्रंथपाल. बोबिओतल्या ओलसर भिंतींपेक्षा ती जागा सुरक्षित, असे कोणीही म्हटले असते. आमादेओ पेरोन या प्राध्यापकाने तेथे आणखी एक पालिंप्सेस्ट वाचून सिसेरोच्या काही भाषणांचे तुकडे १८२४ साली छापले आणि त्याच ग्रंथाला जोडून बोबिओची १४६१ सालची यादीही छापली. त्याने ही घाई केली, हे फार बरे झाले. १९०४ च्या जानेवारीत, २५ आणि २६ तारखांमधल्या रात्री, त्या ग्रंथालयाला आग लागली. पेरोनने वाचलेली ती पोथी जळून गेली. आज सिसेरोच्या त्या पानांसाठी आपल्याला पेरोनच्या छापील पुस्तकावरच विसंबावे लागते.

त्याच ग्रंथालयात बोबिओहून गेलेली आणखी एक लहानशी पोथी होती. लॅटिनमधल्या शुभवर्तमानाची, चौथ्या-पाचव्या शतकातली. विद्वान तिला ‘के’ म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट इतर पोथ्यांहून तीत निराळा आहे, म्हणून तिच्यावर पुष्कळ वाद झाले. कोलंबान प्रवासात ही पोथी झोळीत बाळगीत असे, अशी मठातली जुनी समजूत. आगीतून ती वाचली. ती अद्याप ट्यूरिनमध्ये आहे.

बोबिओत तिच्या जागी काही नाही. देवळाच्या तळघरात कोलंबानची संगमरवरी शवपेटी आहे, १४८० साली घडविलेली. तेथेच बाराव्या शतकातली रंगीत खड्यांची फरसबंदी आहे. ती कित्येक शतके नव्या फरशीखाली झाकून गेली होती आणि १९१० साली सापडली. तिच्यावर मक्काबी वीरांच्या लढाया आहेत, विचित्र श्वापदे आहेत आणि वर्षाचे बारा महिने आहेत. त्या महिन्यांत राजा नाही, मठाधिपती नाही. पेरणारा, कापणी करणारा, द्राक्षे तुडविणारा असे शेतकरी आपापले काम करताना दाखविले आहेत. बोबिओच्या पुस्तकांसाठी ज्यांनी वेठ भरली त्यांचे चित्र पाहायचे असेल, तर ते तेथे पाहावे.

आमचा वेळ संपला आहे.